तबकडी आणि मैफल



ध्वनिमुद्रिकेंत गाणें सांपडतें. परंतु मैफल सांपडते काय? या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत गैसबर्गसाहेबांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित केलें. तबकडीचा अवकाश सुमारें तीन मिनिटांचा. जो राग रंगावयास तास लागावा, तो तेवढ्यांत बसवावयाचा. आणि दाद द्यावयास समोर केवळ एक कर्णा! पुढें गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवीची साडेतीन मिनिटांची मुद्रिका १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. गाणें ताऱ्यांकडे निघालें; मैफल मात्र येथेंच राहिली.

१९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें दीर्घ तबकडी काढली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन मावूं लागलें, आणि अख्खा जलसा मुद्रित करणें सुकर झालें. १ ऑगस्ट १९७१ रोजीं बांगला देशाच्या निर्वासितांसाठीं न्यूयॉर्क येथें जलसा झाला. पंडित रविशंकर व त्यांचे साथीदार वाद्यें जुळवून थांबतांच लोकांनीं टाळ्या वाजविल्या. जुळवणीच इतकी आवडली, तर वादन अधिक आवडेल, अशा अर्थाचे उद्गार पंडितजींनीं काढले. तीन तबकड्यांच्या त्या संचांत हा प्रसंगही राखला आहे. १९७३ सालीं इंग्लंडच्या 'येस' या वाद्यवृंदानेंही 'येससाँग्ज' हा तीन तबकड्यांचा संच काढला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणविणाऱ्या या पंथाच्या रचना आपल्या ख्यालाप्रमाणेंच लांबत जाणाऱ्या. त्या प्रत्यक्ष जलशांत कशा वाजल्या, तें या संचावरून कळतें.

आतां आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळूं. सातपुड्यांत अक्कलकुवा तालुक्यांतील काठी गांवीं राजवाडी होळी होते. रात्रभर ढोल वाजतात, कमरेच्या घुंगरांसह पावलें पडतात, आणि पहाटे होळी पेटते. यांतील तीनच मिनिटांचा ढोल टिपला, तर ताल राहील. पण पहाटेची वाट पाहणारी ती रात्र हरवेल.

जुन्या तबकड्यांचे उपकार मोठे आहेत. त्या नसत्या, तर कित्येक कंठ आपणांस मुके राहिले असते. परंतु आतां साधनांस काळाचें बंधन उरलेलें नाहीं. म्हणून मुद्रण करणारांस एवढीच विनंती, कीं त्यांनीं हांका, दाद आणि मधली शांतताही राखावी. पुढच्या पिढीस गाण्याबरोबर गाणाऱ्यांचा समाजही ऐकूं यावा.