बरगीचे पाणी आणि जबलपूरची वीज

जबलपूर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर नर्मदा नदीवर बरगी धरण आहे. १९९० मध्ये पूर्ण झालेले हे धरण म्हणजे नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर उभे राहिलेले पहिले मोठे धरण होय. त्याच्या जलाशयाला राणी अवंतीबाई लोधी यांचे नाव देण्यात आले आहे. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या विद्युतगृहात ४५ मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. म्हणजे एकूण क्षमता ९० मेगावॅट. मध्य प्रदेशाची विजेची मागणी अलीकडच्या हिवाळ्यांत १७ हजार मेगावॅटच्या वर गेली आहे. त्या तुलनेत ९० मेगावॅट हा आकडा नगण्यच म्हणावा लागेल.

तरीही या राज्याच्या ऊर्जाधोरणाचा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर बरगीच्या काठावरूनच सुरुवात करणे सोयीचे आहे. सिंचन आणि जलविद्युत यांसाठी अडवलेल्या या पाण्यावर पुढे कोळशावरील वीज प्रकल्पाने हक्क सांगितला आणि त्यानंतर अणुऊर्जा प्रकल्पानेही.

बुडालेली गावे

बरगीच्या बुडीत क्षेत्रात जबलपूर, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. विस्थापितांमध्ये गोंड आदिवासींची संख्या मोठी होती. जमीन गेली आणि हाती आलेली भरपाई फार काळ पुरली नाही. अनेकांनी जबलपूरमध्ये मजुरीचा आणि सायकल-रिक्षा ओढण्याचा मार्ग पत्करला. दीर्घ आंदोलनानंतर १९९४ मध्ये राज्य शासनाने जलाशयातील मासेमारीचे हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या महासंघाकडे सोपवले. ज्यांची शेती पाण्याखाली गेली, त्यांना त्याच पाण्यातून उपजीविका मिळावी, हा त्यामागचा साधा आणि न्याय्य विचार होता. ही व्यवस्था मात्र फार वर्षे टिकली नाही.

नर्मदेच्या पाण्याचे वाटप डिसेंबर १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादाने ठरवून दिले. वापरण्याजोग्या २ कोटी ८० लाख एकर-फूट पाण्यापैकी १ कोटी ८२ लाख ५० हजार एकर-फूट पाणी मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले. महाराष्ट्राला पाणी अवघे अडीच लाख एकर-फूट मिळाले. पण सरदार सरोवरातील विजेचा २७ टक्के हिस्सा मिळाला. त्या विजेतील सर्वांत मोठा वाटा, ५७ टक्के, मध्य प्रदेशाचा आहे आणि गुजरातचा १६ टक्के. धरण एका राज्यात, बुडीत क्षेत्र तीन राज्यांत आणि विजेची विभागणी टक्केवारीने, अशी ही रचना आहे.

वीज मंडळाचे शहर

१९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यातील एक प्रमुख शहर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली. जबलपूरकरांच्या मनात ही खंत पुष्कळ वर्षे राहिली. शहराच्या वाट्याला उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आणि राज्य वीज मंडळाचे मुख्यालय आले. रामपूर भागातील 'शक्तिभवन' ही इमारत त्यामुळे राज्यभरातील वीजग्राहकांना नावाने परिचित झाली. नागपूर आणि जबलपूर यांचे विजेचे नाते त्यानंतरही तुटले नाही. पेंच नदीवरील तोतलाडोह जलविद्युत प्रकल्पाची १६० मेगावॅट वीज आजही दोन राज्यांत विभागली जाते: दोन तृतीयांश मध्य प्रदेशाला, एक तृतीयांश महाराष्ट्राला.

सन २००० च्या १ नोव्हेंबरला छत्तीसगड वेगळे झाले. कोरब्याची कोळसाक्षेत्रे आणि तेथील औष्णिक वीज केंद्रे नव्या राज्यात गेली. कृषिपंप आणि बहुसंख्य ग्राहक मात्र जुन्या राज्यात राहिले. त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी हेच प्रचाराचे मुख्य विषय ठरले आणि दहा वर्षे सत्तेवर असलेल्या सरकारचा पराभव झाला. भारनियमनाने सरकार जाते, हा धडा सर्वच पक्षांनी त्या निकालातून घेतला असावा.

त्याच वर्षी केंद्राचा विद्युत कायदा आला. वीज मंडळाची निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्यांत विभागणी झाली. २००५ पासून त्या स्वतंत्रपणे काम करू लागल्या. निर्मिती आणि पारेषण कंपन्यांची मुख्यालये जबलपूरलाच राहिली. वितरणासाठी जबलपूर, भोपाळ आणि इंदूर अशा तीन कंपन्या झाल्या. राज्यासाठी वीज खरेदी करणारी कंपनीही शक्तिभवनातूनच चालते, तर राज्य भार प्रेषण केंद्र जबलपूरच्या नयागाव येथे आहे. विजेचा व्यापार आणि नियंत्रण या दोन्ही गोष्टी अशा प्रकारे एकाच शहरात एकवटल्या आहेत.

मागणी किती, आणि केव्हा

टंचाईला उत्तर म्हणून राज्याने दीर्घ मुदतीचे वीज खरेदी करार केले. नवी औष्णिक केंद्रे उभी राहिली. नर्मदेवर इंदिरासागर (१,००० मेगावॅट) आणि ओंकारेश्वर (५२० मेगावॅट) हे प्रकल्प सुरू झाले. २०१३ मध्ये 'अटल ज्योती' अभियानाद्वारे घरांना चोवीस तास आणि शेतीला दहा तास वीज देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यासाठी गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्यात आल्या. एका दशकात राज्य टंचाईकडून अतिरिक्त क्षमतेकडे आले.

येथेच खरी अडचण सुरू झाली. वीज खरेदीच्या कराराचे दोन भाग असतात. एक प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटचा दर आणि दुसरा स्थिर आकार. प्रकल्प वीज देण्यास तयार असेल, पण राज्याला तिची गरज नसेल, तर वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. तो अखेर ग्राहकांच्या देयकांत किंवा शासनाच्या अनुदानात उतरतो. 'राज्यात वीज मुबलक आहे' आणि 'वीज महाग आहे' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, याचे उत्तर या करारांत आहे.

शिवाय मध्य प्रदेशाची मागणी वर्षभर सारखी नसते. महाराष्ट्रात ती साधारणतः उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि उन्हाळ्यात वाढते. मध्य प्रदेशात गहू आणि हरभऱ्याच्या रब्बी हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, कृषिपंप चालू होतात आणि मागणीचा उच्चांक हिवाळ्यात गाठला जातो. पावसाळ्यात त्यातील मोठा भाग नाहीसा होतो. चार महिन्यांच्या गरजेसाठी बारा महिन्यांचा करार केला, तर उरलेल्या काळाचा भार कोणी सोसायचा?

मोठे ग्राहकही बदलले. जबलपूरच्या औद्योगिक जीवनाचा कणा संरक्षण कारखाने आणि रेल्वे हा आहे. तोफगाडी कारखाना १९०४ चा, खमरियाचा आयुध कारखाना १९४२ चा आणि वाहन कारखाना १९६९ चा. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून येथे आहे आणि २०२१ मध्ये हा देशातील संपूर्ण विद्युतीकरण झालेला पहिला रेल्वे विभाग ठरला. रेल्वेची विजेची गरज वाढली. पण २००३ च्या कायद्याने मिळालेल्या अधिकाराचा वापर करून तिने आपली वीज थेट उत्पादकांकडून घेण्यास सुरुवात केली. २०१५ च्या अखेरीस महाराष्ट्रात आणि त्यापाठोपाठ मध्य प्रदेशात ही पद्धत आली. त्यातील काही वीज रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या प्रकल्पाची होती, हा योगायोग मराठी वाचकांना लक्षणीय वाटेल. जास्त दर देणारा ग्राहक निघून गेला की अनुदानित शेतकऱ्यांचा भार उरलेल्या ग्राहकांवर आणि शासनावर पडतो.

सौरऊर्जेने या हिशेबात नवी गुंतागुंत आणली. रीवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर प्रतियुनिट २ रुपये ९७ पैसे निघाला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. जुलै २०२० मध्ये या प्रकल्पाचे औपचारिक लोकार्पण झाले. त्यातील सुमारे एक चतुर्थांश वीज दिल्ली मेट्रोला जाते. मात्र सूर्य मावळल्यावर ही वीज मिळत नाही आणि पंप तर वर्षानुवर्षे रात्रीही चालत आले आहेत. डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे हा दिलासा आहेच. ग्रिडलाही आता तेच सोयीचे होऊ लागले आहे.

चुटक्याचा प्रश्न

बरगीचा जलाशय या सर्व काळात नव्या कामांना जुंपला गेला. शिवनी जिल्ह्यातील घंसौरजवळ २०१६ मध्ये सुरू झालेला ६०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प याच जलाशयातून पाणी घेतो. जलाशयाच्या मंडला जिल्ह्यातील काठावर, चुटका येथे, प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांना केंद्राने २००९ मध्ये तत्त्वतः आणि २०१७ मध्ये प्रशासकीय व आर्थिक मंजुरी दिली.

या अणुभट्ट्या जड पाण्याच्या प्रकारातील आहेत आणि त्यांचे मूळ कॅनडात आहे. राजस्थानातील रावतभाटा येथे १९६० च्या दशकात कॅनडाच्या सहकार्याने अशा प्रकारच्या पहिल्या अणुभट्टीचे काम सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीसाठी तुर्भे येथील कॅनडाने दिलेल्या संशोधन अणुभट्टीतील प्लुटोनियम वापरले गेले आणि कॅनडाने सहकार्य थांबवले. पुढची वाटचाल भारतीय अभियंत्यांनी स्वबळावर केली. २०१० मध्ये दोन्ही देशांत पुन्हा अणुसहकार्य करार झाला, २०१३ मध्ये तो अमलात आला आणि २०१५ मध्ये ७१ लाख पौंड युरेनियम २०२० पर्यंत पुरवण्याचा करार कॅनडातील कंपनीशी झाला. ७०० मेगावॅटची पहिली भारतीय अणुभट्टी गुजरातमधील काकरापार येथे २०२३ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आली.

तंत्रज्ञान आणि इंधन यांचे प्रश्न अशा रीतीने सुटत गेले. चुटक्याचा जमिनीचा प्रश्न तसा सुटला नाही. २०१३ मध्ये दोनदा पुढे ढकललेली जनसुनावणी फेब्रुवारी २०१४ मध्ये कडक पोलीस बंदोबस्तात झाली आणि बाहेर तिच्या विरोधात निदर्शने झाली. प्रकल्पाच्या समर्थकांचा युक्तिवाद वजनदार आहे: रात्री आणि ढगाळ दिवशीही अखंड मिळणारी, कोळसा न जाळता तयार होणारी वीज राज्याला हवी आहे. ग्रामसभांचे म्हणणेही तितकेच स्पष्ट आहे. चुटका, टाटीघाट आणि कुंडा येथील अनेक कुटुंबे बरगीचे पाणी चढले तेव्हा आपली सुपीक जमीन सोडून वर सरकलेली आहेत. प्रकल्पासाठी मागितली जात आहे ती हीच वरची जमीन.