घरचं ताट आणि कलेक्टरची कचेरी

मंडळी, परवा आपल्या गावातल्या एका कुटुंबाने मुलाच्या वाढदिवसाचा हॉलचा खर्च टाळून एसटी स्टँडमागच्या पालांवर जेवण नेलं. आई वाढत होती, बाप पाणी देत होता, ज्याचा वाढदिवस तो पोरगा लाजत लाजत जिलेबी वाटत होता. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. खाली दोन तट पडले. एक म्हणतो, व्वा, असं पाहिजे. दुसरा म्हणतो, एका दिवसाचं पुण्य, उद्या काय? मला त्या भांडणात पडायचं नाही. पण आपल्याकडे घरातल्या माणसांनी मिळून भुकेविरुद्ध उभं राहण्याचा इतिहास मोठा आहे आणि तो आपण अर्धाच सांगतो, म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, सवडीने वाचा.

सन 1876. दख्खनेत पावसाने दगा दिला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, सगळीकडे दुष्काळ. सरकारने कामं काढली, रस्ते, तलाव. आणि मग 1877 च्या सुरुवातीला रिचर्ड टेंपल नावाच्या बड्या साहेबाने हिशेब मांडला की दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. जो कुदळ मारतो त्याला विचारा पुरतं का. आपल्या भागातल्या मजुरांनी विचारायची वाट पाहिली नाही, हजारोंनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. दुष्काळी कामावरचा उपाशी माणूस संप करतो, ही गोष्ट शाळेत आपल्याला कुणी शिकवली नाही.

पण कामावर जाऊ न शकणाऱ्यांचं काय? म्हातारे, आजारी, आणि मुख्य म्हणजे पोरं. आईबाप मेलेली, नाहीतर गाव सोडून गेलेली. इथे फुले नवराबायको येतात.

सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला शाळा आठवते, अंगावरचं शेण आठवतं, 3 जानेवारीचं भाषण आठवतं. दुष्काळातली सावित्रीबाई फारशी आठवत नाही. सत्यशोधक समाज निघून तेव्हा जेमतेम चार वर्षं होत होती. एप्रिल 1877 मध्ये सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथून 20 तारखेला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. जनावरं पटापट मरतायत, माणसं गाव सोडतायत, सत्यशोधकांनी गावोगाव कमिट्या केल्यात, असा सगळा वृत्तांत त्यात आहे. आमच्या धंद्यात त्याला ग्राउंड रिपोर्ट म्हणतात. नवरा एका ठिकाणी, बायको दुसऱ्या ठिकाणी, दोघं एकाच कामात आणि मधे पत्र.

त्या पत्रातला खरा भाग पुढे आहे. सावकारांच्या छळावरून दंगा झाला, पोलीस आले आणि पन्नासेक सत्यशोधकांना धरलं. सावित्रीबाई कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या. मदत करणाऱ्या माणसांवर खोटे आळ कशाला, असं त्यांनी तोंडावर विचारलं. कार्यकर्ते सुटले आणि कलेक्टरने ज्वारीच्या चार गाड्याही पाठवल्या. पुढच्याच महिन्यात जोतिरावांनी सत्यशोधक समाजातर्फे मदतीचं जाहीर आवाहन काढलं. धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम चालला होता, त्याच्या खर्चासाठी. म्हणजे एकीकडे पोरांना जेवू घालायचं, दुसरीकडे लोकांकडे पैसे मागायचे, तिसरीकडे सरकारला जाब विचारायचा. तिन्ही कामं एकाच घरातून. या घराने 1868 मध्येच आपला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, हेही विसरू नका. आणि हीच बाई वीस वर्षांनी, 1897 च्या प्लेगात, आजारी पोराला उचलून आणताना गेली. दवाखाना मुलाचा, यशवंतरावांचा. तेही घरच.

दुसरं घर साताऱ्याचं. भाऊराव पाटलांनी 1919 ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. भाऊरावांवर पुस्तकं आहेत, पुतळे आहेत. पण बोर्डिंग म्हणजे रोज दोन वेळचं शिजवणं, आणि ते लक्ष्मीबाईंच्या गळ्यात होतं. कडक सोवळ्याच्या जैन घरातली ही बाई. आधी तिला हे सोपं गेलं नसणार, पण पुढे तिने त्या पोरांना पोटच्या पोरांसारखं वाढलं. एकामागून एक दागिने गेले. एकदा बोर्डिंगात दाणा नव्हता, भाऊराव गावाला गेलेले, पोरं उपाशी. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं आणि धान्य आणलं. त्या काळात सवाष्णीने हे करणं म्हणजे काय, ते आपल्या आज्यांना विचारा. 1930 ला त्या गेल्या. संस्था पुढे वडासारखी पसरली, ते बघायला त्या नव्हत्या.

आता 72. याबद्दल पुस्तक नको, आमची आईच पुरे. ती तेव्हा लहान होती. आजी खडी फोडायला जायची आणि आई सुकडीसाठी डबा घेऊन रांगेत. लाल मिलोची भाकरी थापताना तुटायची, असं ती अजून सांगते. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. टेंपलच्या वेळेपेक्षा फरक हा की लोकांनी यावेळी मोर्चे काढले, घेराव घातले, आणि वि. स. पागेंच्या कल्पनेतली रोजगार हमी 1977 ला कायदा म्हणून मंजूर झाली. कामाचा हक्क कागदावर आला. पुढे दिल्लीने 2005 मध्ये तेच देशभर नेलं.

हे सगळं परवाच्या जिलेबीशी कुठे जुळतं? त्या पालांवर मी नंतर गेलो होतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो धान्य आहे, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. पालांतल्या निम्म्या घरांकडे कार्डच नाही. एका आजीकडे आहे, पण मशीनवर अंगठा उमटत नाही. आयुष्यभर ऊसतोड केलेला अंगठा तो, रेषा राहिल्यात कुठे? तिला तीनदा परत पाठवलंय. कुणी, ते इथे लिहीत नाही, अर्जात लिहिणार आहे.

वाढदिवसवाल्या ताईंना मी हे फोनवर सांगितलं. वाटलं, बाई रागावतील, की बघा आता हा पत्रकार खोट काढायला आला. त्या म्हणाल्या, "दादा, मग फॉर्म कोण भरून देतं?" त्यांचे मिस्टर शिक्षक आहेत, अक्षर चांगलं आहे, पोरगा मोबाइलवर हुशार.

तर येत्या रविवारी सकाळी दहाला ते तिघं आणि मी पालांवर बसतोय. ज्यांच्या घरी झेरॉक्स मशीन आहे त्यांनी कळवा. आधारच्या प्रती लागतील, आणि उन्हासाठी एक ताडपत्री.