ग्लुटामेट ग्राही

ग्लुटामेट ग्राही : तंत्रिका कोशिकेच्या पटलातील, ग्लुटामेट या ॲमिनो अम्लाने कार्यान्वित होणारी प्रथिने. मेंदूतील बहुतेक उत्तेजक संदेश यांच्याद्वारे जातात. यांच्या अभ्यासाचा विदर्भाशी संबंध येतो, तो लाख (लाखोळी) या कडधान्यामुळे. भंडारा, चंद्रपूर इ. भातपट्ट्यांत ते भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढते. अवर्षणात इतर पिके बुडाली तरी ते तग धरते व गरिबांचे मुख्य अन्न बनते. काही महिने प्रामुख्याने तेच खाल्ल्यास पाय ताठर होऊन कायमचे अपंगत्व येते. आयुर्वेदात यास ‘कलायखंज’ म्हटले आहे. विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सागर भागातील अशा रुग्णांचे वर्णन आहे. रेवा भागात तर वेठबिगारांना मजुरीच लाखेच्या रूपाने मिळे. तेव्हा हा रोग जितका धान्याचा तितकाच दारिद्र्याचाही म्हणावा लागतो. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखेच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली.

विषाचा उलगडा त्यानंतर झाला. १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस्. एल्. एन्. राव, पी. आर्. अडिगा व पी. एस्. शर्मा यांनी लाखेच्या बियांतून ऑक्झॅलिल डायॲमिनो प्रोपिऑनिक अम्ल वेगळे केले. त्याची रेणुरचना ग्लुटामेटाशी मिळतीजुळती आहे. ग्लुटामेटाने तंत्रिका कोशिका उत्तेजित होतात, हे कर्टिस, फिलिस व वॉटकिन्स यांनी कॅनबेरा येथे १९५९ च्या सुमारास दाखविले होते. अतिउत्तेजनाने त्या मरतात, ही कल्पना जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये मांडली. लाखेचे विष मुख्यत्वे ॲम्पा या प्रकारच्या ग्राहीवर क्रिया करते, असे १९८० नंतरच्या दशकात आढळून आले.

ॲम्पा ग्राही चार प्रथिन-घटकांचा बनलेला असतो. प्रत्येक घटकाचा पटलाबाहेरील भाग शिंपल्यासारखा दुपाखी असतो. त्यात ग्लुटामेट बसताच पाखे मिटतात, त्या ओढीने पटलातील मार्ग उघडतो व सोडियम आयन आत शिरतात. एरवी मार्ग काही सहस्रांश सेकंदांतच बंद होतो आणि ग्लुटामेट शेजारच्या कोशिकांकडून शोषले जाते. लाखेच्या विषाने मात्र उत्तेजन वाजवीपेक्षा अधिक होते. कॅल्शियमाचा समतोल ढळतो आणि मेंदूपासून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या चालक तंतूंचा ऱ्हास होतो. अशा ग्राहीची संपूर्ण त्रिमितीय रचना एरिक गूओ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली.

डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचे प्रमाण बरेच घटते. रतन, प्रतीक इ. अल्पविष वाणही निघाले आहेत.