शेतासाठी सौरपंप किती अश्वशक्तीचा घ्यावा?

नोकरीनिमित्त शहरात राहून गावाकडची शेती पाहणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे सध्या एक प्रश्न हमखास येतो. सौरपंप तीन अश्वशक्तीचा घ्यावा, पाचचा की साडेसातचा? शासकीय योजनेत शेतकऱ्याला किमतीचा अल्प वाटा भरावा लागत असल्याने ‘मिळतोय तर मोठाच घ्यावा’ असा विचार सहज केला जातो. मात्र पंपाची योग्य क्षमता ठरते ती पिकाची पाण्याची गरज, विहिरीला येणारे पाणी आणि ते पाणी चढवण्याची उंची या तीन गोष्टींवरून.

योजनेतील निकष

केंद्र सरकारने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना सुरू केली. त्यानंतर राज्य शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आणली. तिच्यात अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्तीपर्यंतचा पंप असे निकष ठरवण्यात आले. शेतकऱ्याचा वाटा सर्वसाधारण गटासाठी १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठेवण्यात आला. एकरांशी जोडलेले हे आकडे कमाल मर्यादा दर्शवतात. पात्रतेपेक्षा लहान पंप मागण्याची मुभाही शेतकऱ्याला देण्यात आली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गरज मोजावी कशी?

एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. ठिबकावरील भाजीपाल्यास दररोज पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर अडीच एकरांना रोज ५० हजार लिटर पाणी हवे. विहिरीतील पाण्याची पातळी २५ मीटर खोल, जलवाहिनीतील घर्षण व जमिनीचा चढ मिळून ५ मीटर आणि ठिबक संचाला लागणारा एक किलोचा दाब म्हणजे आणखी १० मीटर, अशी एकूण उंची ४० मीटर होते. पातळी नेहमी उन्हाळ्यातील धरावी. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेली विहीर पाहून केलेला हिशेब एप्रिलमध्ये हमखास चुकतो.

एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलण्यास सुमारे २.७ वॅट-तास ऊर्जा लागते. या हिशेबाने वरील शेताची गरज साडेपाच युनिट भरते. पंप आणि मोटार मिळून यातील निम्म्याहून कमी ऊर्जाच प्रत्यक्ष कामी येते असे धरले, तर पॅनेलकडून रोज सुमारे १२ युनिट वीज मिळायला हवी. उष्णता, धूळ व तारांमधील घट वजा जाता एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. म्हणजे तीन किलोवॅटचे पॅनेल पुरे. एका अश्वशक्तीच्या पंपामागे सुमारे एक किलोवॅट पॅनेल हे प्रचलित प्रमाण असल्याने येथे तीन अश्वशक्तीचा पंप योग्य ठरतो.

या तीन किलोवॅटसाठी सुमारे ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. झाडाची किंवा विजेच्या खांबाची थोडी सावलीही उत्पादन लक्षणीय घटवते.

विहीर किती देते?

हिशेबाचा हा भाग बहुधा वगळला जातो. उपसा थांबवल्यावर चोवीस तासांत पाणी किती चढते, हे उन्हाळ्यात मोजून पाहावे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर चढले, तर सुमारे २८ हजार लिटर भर पडली असे समजावे. दोन मीटर चढत असेल, तर वरील शेताची गरज कशीबशी भागेल. अशा विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसवला, तर तो दिवसाला ८० हजार लिटरपर्यंत उपसू शकेल. परंतु तेवढे पाणी विहिरीत नसल्याने भर दुपारच्या उन्हातही पंप बंद ठेवावा लागेल आणि पॅनेलवर केलेला खर्च वाया जाईल.

येथे आणखी एक धोका संभवतो. सूर्यप्रकाशाचे बिल येत नाही, त्यामुळे उपशाला आर्थिक लगाम राहत नाही. गरजेपेक्षा मोठे पंप एकाच शिवारात वाढले, तर शेजारच्या विहिरींचे पाणीही खाली जाते आणि मग प्रत्येकाला आणखी खोल जावे लागते.

लहानही नको

पंप फार लहान घेतल्यास सकाळी कोवळ्या उन्हात आणि ढगाळ हवेत पाणी पाइपाच्या टोकापर्यंत चढतच नाही. म्हणूनच अश्वशक्तीसोबत पंप किती मीटर उंचीसाठी बनवला आहे, हेही पाहावे. तीन अश्वशक्तीचा पंप ३०, ५० किंवा ७० मीटर उंचीसाठी वेगवेगळा असतो. उंची चुकली, तर अश्वशक्ती योग्य असूनही पाणी कमी पडते. जमिनीवर बसवलेला पंप पाणी सात मीटरपेक्षा अधिक खोलीवरून सहसा ओढू शकत नाही. त्याहून खोल पाण्यासाठी पाणबुडी पंपच घ्यावा.

पाटाने पाणी देण्याची पद्धत असल्यास पंप वाढवण्यापूर्वी ठिबकाचा विचार करावा. ठिबकाच्या दाबासाठी उंची दहा मीटरने वाढते, तरी एकूण पाणी बरेच कमी लागत असल्याने पंप लहानच पुरतो.

अर्ज भरण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहावेत. ते म्हणजे पिकाची रोजची गरज लिटरमध्ये, विहिरीची उन्हाळ्यातील रोजची भर आणि एकूण उंची मीटरमध्ये. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल, तर कोणताही पंप ती तूट भरून काढणार नाही. अशा वेळी पीक किंवा त्याखालचे क्षेत्र बदलणे, हाच मार्ग उरतो.