वाफी नावाचा धावपटू

ऑलिम्पिक जवळ आलं की 'मॅरेथॉन जिंकणारा मुसलमान' अशा मथळ्याचा एक मेसेज फिरत फिरत माझ्याकडेही येतो. खाली 'माशाअल्लाह, शेअर करा' असं असतं. नाव बरोबर असतं, १९२८ हे सालही बरोबर असतं. पण पुढचं काहीच त्यात नसतं, आणि या माणसाच्या आयुष्यात पुढचंच फार आहे.

त्यांचं नाव बुगेरा अल-वाफी. फ्रेंच लोक 'एल उआफी' लिहितात. उर्दू शिकवणाऱ्याचं लक्ष आधी नावाकडे जातं, त्याला इलाज नाही. आपला 'वफा' आणि हा 'वाफी' एकाच अरबी धातूतले, वाव-फे-ये. वाफी म्हणजे पुरेपूर. दिलेला शब्द पुरा करणारा. आणि या वाफीला आयुष्यभर कुणा ना कुणाच्या वफेच्या तराजूत बसावं लागलं.

जन्म १८९८चा, अल्जीरियात बिस्क्राजवळच्या उलाद जलाल इथला. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथला मुसलमान फ्रान्सचा प्रजाजन होता, नागरिक नव्हता. १८६५च्या कायद्यानुसार नागरिकत्व हवं असेल तर मुस्लिम शरियतचा वैयक्तिक कायदा सोडून द्यावा लागे. बहुतेकांनी सोडला नाही, म्हणून बहुतेक जण प्रजाच राहिले. सैन्यात भरती करताना मात्र ही अट आड येत नव्हती. अल-वाफी अशाच एका अल्जीरियन पलटणीत होते आणि तिथेच त्यांचं पळणं अधिकाऱ्यांच्या नजरेत भरलं.

१९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते फ्रान्सकडून मॅरेथॉन धावले आणि सातवे आले. त्यांच्या पुढे सहावा होता चिलीचा मान्वेल प्लासा. हे नाव लक्षात ठेवा. नंतर अल-वाफी पॅरिसला लागून असलेल्या बियांकूरच्या रेनो मोटार कारखान्यात कामगार झाले.

५ ऑगस्ट १९२८, ॲम्स्टरडॅम. सपाट रस्ता, आमस्टेल नदीचा काठ. सुरुवातीला अल-वाफी पुढच्या घोळक्यात नव्हतेच. बराच वेळ जपानचा यामादा आणि अमेरिकेचा जोई रे यांचीच चर्चा होती. शेवटच्या टप्प्यात हे पुढे सरकत गेले, यामादाला मागे टाकलं आणि २ तास ३२ मिनिटं ५७ सेकंदांत स्टेडियममध्ये पोहोचले. २६ सेकंदांनी मागून आला तो प्लासा. ॲथलेटिक्समध्ये फ्रान्सला त्या वर्षी हे एकच सुवर्ण मिळालं, आणि ते मिळवून दिलं ज्याला पूर्ण नागरिक मानलं जात नव्हतं अशा कामगारानं.

आपल्याला हे अगदी परकं वाटू नये. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खटपटीतून अँटवर्पला गेले आणि मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. संघाचं नाव भारत, राज्य इंग्रजांचं.

त्याच वर्षी, १९२८च्या ऑक्टोबरात, अल-वाफी न्यूयॉर्कला गेले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बंदिस्त रिंगणात, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर गोल गोल फेऱ्या मारत पूर्ण मॅरेथॉन धावायची, असा तो खेळ. असल्या शर्यती तिथे १९०८पासून चालत. समोर जोई रे होता, त्याला अल-वाफींनी हरवलं. पण पैसे घेऊन धावले म्हणून हौशी खेळाडूंच्या स्पर्धांची दारं त्यांना बंद झाली. हौशीपणाचा तो नियम नैतिक म्हणून मिरवला जाई. मला तो पोट भरलेल्यांनी स्वतःसाठी केलेला नियम वाटतो. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला पदकावर भागतं, कारखान्यातल्या मजुराला नाही.

मिळालेल्या पैशातून त्यांनी पॅरिसमध्ये एका कॅफेत भागीदारी केली. भागीदारानं फसवलं. मग पुन्हा मजुरी, पुढे हलाखी, आणि जवळजवळ तीस वर्षांचं विस्मरण.

आठवण निघाली ती १९५६ला. मेलबर्नची मॅरेथॉन आलँ मिमूँनी फ्रान्सकडून जिंकली. तेही अल्जीरियाचे, जन्मनाव अली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मोंते कासिनोला पायाला जबर जखम झालेले. त्यांनी आदल्या वर्षी कॅथलिक धर्म स्वीकारला होता, म्हणून आपल्या मेसेजांत ते सहसा नसतात. पण जुन्या विजेत्याला विसरू नका असं जाहीरपणे सांगणारे तेच होते. मिमूँबरोबर अल-वाफींनाही राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात बोलावणं आलं. तोवर अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पॅरिसमधला प्रत्येक अल्जीरियन पोलिसांना संशयित वाटत होता आणि स्वकीयांनाही हिशेब देत होता. सन्मानासाठी तरी वेळ बरी नव्हती.

१८ ऑक्टोबर १९५९ रोजी पॅरिसजवळच्या सँ-दनीमध्ये अल-वाफी गोळीबारात मारले गेले. कुणी म्हणतं स्वातंत्र्ययुद्धाच्या वैरातून, कुणी म्हणतं घरगुती भांडणातून. वय ६१.

तीन वर्षांनी, १९६२ला, अल्जीरिया स्वतंत्र झाला. १९२८चं सुवर्ण फ्रान्सच्याच खात्यावर राहिलं, आजही आहे. अल्जीरियाच्या स्वतःच्या नावावर पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण आलं ते १९९२ला बार्सिलोनात, हसीबा बुलमरकाच्या १५०० मीटरमध्ये. तिला तर आपल्यातल्याच काहींनी शॉर्ट्सवरून छळलं होतं. तिच्याबद्दल अजून एकही मेसेज मला आलेला नाही.

अल-वाफींची कबर पॅरिसच्या ईशान्येला बोबिन्यीच्या मुस्लिम कब्रस्तानात आहे. १९३०च्या दशकात वसाहतींतून आलेल्या मजुरांसाठी तिथे वेगळं इस्पितळ काढलं गेलं आणि त्यालाच जोडून हे कब्रस्तान. त्या इस्पितळाला आता इब्न सीना यांचं नाव आहे, फ्रेंच धाटणीचं, आविसेन.