किंगरी, ऑर्गन आणि बेंजो : चांद्याच्या झाडीत वीज आली तेव्हा

रॉक संगीताच्या इतिहासात सर्वाधिक प्रभाव कोणाचा, हा वाद बहुधा जिमी हेंड्रिक्सच्या (१९४२–१९७०) नावापाशी येऊन थांबतो. त्याच्या आधीच्या पिढीतून चक बेरी, मडी वॉटर्स आणि सिस्टर रोझेटा थार्प ही नावे पुढे केली जातात आणि प्रत्येक नावामागे प्रभावाची एक वेगळी कसोटी दडलेली असते. बेरीचे समर्थक असे दाखवतात की १९५५ नंतर गिटार हाती घेतलेल्या तरुणांनी प्रथम त्याच्याच सुरावटी गिरवल्या. थार्पचे समर्थक याला उत्तर देतात की भक्तिगीते विजेच्या गिटारवर वाजवून ठेका धरायला लावणाऱ्या या स्त्रीने ते काम बेरीच्या कितीतरी आधी केले होते. तरीही रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतील संस्थेने बेरीला १९८६ च्या पहिल्याच यादीत मान दिला आणि थार्पला तो तिच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये मिळाला. या वादात एक नाव मात्र सर्वांनाच अडचणीचे ठरते. लिओ फेंडर (१९०९–१९९१) हा कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. १९५४ साली बाजारात आलेली स्ट्रॅटोकास्टर ही हेंड्रिक्सच्या हातातील गिटार त्याच्याच कारखान्याची. तो स्वतः गिटारवादक नव्हता, आणि तरीही त्याच संस्थेने १९९२ मध्ये त्याची गणना प्रभावी व्यक्तींत केली.

प्रभाव वाजवणाऱ्याचा मानावा की वाद्याचा आवाज बदलणाऱ्याचा, हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या संगीताला लावून पाहिला तर तो अधिक टोकदार होतो, कारण येथे रॉक संगीताची परंपरा रुजली नाही, पण ज्या घटनेने रॉक शक्य झाले, ती म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेच्या साहाय्याने मोठ्या आवाजात रूपांतर होणे, ती घटना येथेही घडली आणि तिने येथील संगीत मुळापासून बदलले. पूर्वी चांदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. भंडारा आणि गोंदिया यांच्यासह हे दोन्ही जिल्हे ज्या प्रदेशात मोडतात त्याला, दाट जंगलामुळे, झाडीपट्टी म्हणतात.

या प्रदेशातील सर्वांत जुन्या तंतुवाद्यांपैकी किंगरी हे परधानांचे वाद्य. परधान हे राजगोंडांचे परंपरागत कथागायक. यजमान कुळाची वंशकथा आणि देवकथा किंगरीच्या साथीने गाणे हा त्यांचा वंशपरंपरेने चालत आलेला हक्क आणि कर्तव्य दोन्ही होते. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात परधानांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि शेजारच्या आदिलाबादेतील राजगोंडांवर ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात जे काम केले, त्यातही या गायकांचे स्थान मध्यवर्ती आहे. गजाने वाजणाऱ्या किंगरीचा आवाज लहान, पण ज्या कुळाची कथा चालू असे ते कुळच समोर बसलेले असल्यामुळे मोठ्या आवाजाची गरजही नव्हती. येथे प्रभाव पिढ्यांच्या लांबीने मोजला जाई, गर्दीच्या रुंदीने नव्हे. म्हणूनच या परंपरेत सर्वांत प्रभावी गायक कोण, असा प्रश्न विचारणेच गैरलागू ठरते, कारण कथा कुळाची असते आणि गायक तिचा वाहक असतो.

गर्दीचा प्रश्न निर्माण झाला तो नाटकामुळे. झाडीपट्टीत दंडार, खडीगंमत, गोंधळ यांसारखे लोकप्रकार आधीपासून होते. दंडार हा त्यातील नृत्य, गाणे आणि सोंगे यांचा मिलाफ असलेला प्रकार, ज्याचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाचे युग सुरू केले आणि पुढे ते लोण विदर्भात आले, बंगाल-नागपूर रेल्वेची गोंदिया–नागभीड–चांदा ही अरुंद मार्गाची शाखा विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्यावर वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ही गावे एका रुळावर आली, आणि नंतर झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे केंद्र म्हणून वडसा, म्हणजेच देसाईगंज, वाढले ते याच वाटेवर. १९३० च्या दशकात बोलपटांनी पश्चिम महाराष्ट्रातील संगीत नाटक मंडळ्यांचा कणा मोडला, तेव्हा झाडीपट्टीत मात्र तो प्रकार टिकला. याचे कारण रसिकतेपेक्षा शेतीच्या वेळापत्रकात अधिक सापडते. धानाचे पीक निघाल्यावर, दिवाळीपासून पुढे, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, काही ठिकाणी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक होते. हा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. चित्रपटगृहाला हंगामाची गरज नसते. पण जेथे गावात चित्रपटगृहच नव्हते तेथे हंगामाची जागा घेणारे दुसरे काही नव्हते.

ही नाटके मोकळ्या जागेत, रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द पोहोचवणे ही नटाची पहिली परीक्षा असे. गॅसबत्तीच्या, म्हणजे रॉकेलवर चालणाऱ्या दाब-दिव्याच्या, उजेडात दिसणे कठीण आणि ऐकू जाणे त्याहून कठीण. उंच पट्टीत गाणे, शब्द ताणून उच्चारणे, रडणे आणि हसणे दोन्ही ठळक करणे ही जी शैली शहरी समीक्षकाला भडक वाटते, तिचे मूळ या अंतरात आहे, आणि तिला अभिरुचीचा दोष मानणे हा समीक्षकाच्या पहिल्या रांगेत बसण्याचा परिणाम आहे. साथीच्या बाबतीतही हेच घडले. हाताने भाता चालवायच्या पेटीऐवजी पायाने भाता चालवायचा ऑर्गन मराठी संगीत रंगभूमीवर आला, त्यात दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहत आणि आवाज भारदस्त निघे. झाडीपट्टीने हे वाद्य मनापासून स्वीकारले, कारण त्याचा सूर दूरवर जाई.

प्रभावाचा विचार करताना या टप्प्यावर एक नाव टाळता येत नाही, आणि ते नाटकाबाहेरचे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) मूळचे अमरावती जिल्ह्यातील, परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरच्या जंगलाशी त्यांचा घनिष्ठ संबंध होता. लिओ फेंडर आणि तुकडोजी महाराज एकाच वर्षी जन्मले, हा निव्वळ योगायोग. पण आवाजाच्या साधनांबाबत ते दोन टोकांना उभे आहेत. महाराजांचे वाद्य खंजिरी, म्हणजे एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायचे लहान चर्मवाद्य. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरमध्ये जो उठाव झाला त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, असे ब्रिटिश शासनानेही मानले आणि त्याच महिन्यात त्यांना चांद्यात अटक केली. विजेचा प्रश्नच नसलेल्या खंजिरीने घडवलेला हा परिणाम पाहता, साधनाच्या आवाजावर प्रभाव ठरतो हे म्हणणे फार पुढे नेता येत नाही, आणि या लेखाच्या मताला असलेला हा सर्वांत बळकट आक्षेप आहे. त्याला एकच उत्तर देता येते: खंजिरीभजनाची परंपरा महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांतून गावोगाव पसरली, पण त्या परंपरेतून वाद्य बदलले नाही, गाण्याची रचना बदलली नाही, तिने माणसे बदलली, संगीत नव्हे.

संगीत बदलले ते बेंजोने. महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकेतील चामडे मढवलेल्या बँजोशी संबंध नाही. ते बुलबुलतरंग आहे, आणि त्याचे मूळ जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. लाकडी पेटीवर ताणलेल्या धातूच्या तारा, त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारख्या कळा, डाव्या हाताने कळ दाबली की तार पडद्यावर टेकते आणि उजव्या हातातील नखीने तिला आघात द्यायचा, अशी त्याची रचना आहे. सूर कोठे आहे हे कानाने शोधावे लागत नाही, ते कळेवर ठरलेले असते, त्यामुळे गुरूविना शिकता येणारे हे वाद्य स्वस्तही होते. धातूच्या तारांमुळे त्यात आणखी एक शक्यता लपलेली होती. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले, ज्याला पिकअप म्हणतात, की तारेच्या कंपनाने वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, तो प्रवाह कर्ण्यापर्यंत मोठा करून नेतो. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत रिकेनबॅकर कंपनीने मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारला हेच तंत्र लावले होते. महाराष्ट्रात ते बेंजोला लागले, आणि एका माणसाच्या मांडीवरचे वाद्य वरातीच्या अग्रभागी, ताशा आणि ढोलाच्या गजरातही ऐकू येऊ लागले.

चंद्रपूरच्या संदर्भात या आवाजाला वेगळे महत्त्व आहे. नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली, आणि तेव्हापासून येथील दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक जमतात. आंबेडकरी जलशातून आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या गीतकारांतून वाढलेल्या भीमगीतांनी कव्वालीचा बाज उचलला, आणि कव्वालीबरोबर ढोलक, पेटी आणि बेंजो हा साज आला. १९८० च्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्यावर हा सूर घरोघरी पोहोचला. शिकागोत स्थलांतरित झालेल्या मडी वॉटर्सने गोंगाटाच्या दारूगुत्त्यांत ऐकू जावे म्हणून विजेची गिटार घेतली, आणि ज्यांना आजवर मोठ्याने बोलण्याची मुभा नव्हती अशा समाजाचे संगीत त्या आवाजाने बदलले. बेंजोच्या बाबतीत ही तुलना ताणलेली नाही, फक्त वॉटर्सचे चरित्र लिहिले गेले आणि बेंजोला प्रथम पिकअप बसवणाऱ्या कारागिराचे नाव कोणी नोंदवले नाही.

खरी विजेची गिटार या जिल्ह्यांत मुख्यतः चित्रपटसंगीतातून ऐकली गेली. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधील भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार रेडिओवरून येथे आली, ऐकणाऱ्याला वाद्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही, पण बेंजोवर, आणि पुढे ऑर्गन या नावानेच ओळखल्या जाऊ लागलेल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, तिच्या सुरावटी उतरल्या. मराठीतील रॉक म्हणता येईल अशी घटना, म्हणजे १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकातील नंदू भेंडे यांचा सहभाग, पुण्या-मुंबईच्या रंगमंचापुरती राहिली. झाडीपट्टीत त्याऐवजी ऑक्टोपॅड आला, म्हणजे आठ रबरी फलकांवर काठ्यांनी आघात करून नोंदवलेले ताल वाजवण्याचे साधन, आणि नागपूर, गोंदिया व छत्तीसगडकडून धुमाल आली, ज्यात कीबोर्ड, पॅड आणि ताल वाहनावरच वाजतात व कर्ण्यांची भिंत त्यांच्याबरोबर चालते.

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आज सर्वांत प्रभावी कोण, असे विचारल्यास गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांचे नाव प्रथम घेतले जाते. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या विनोदी भूमिकांमुळे त्यांची तुलना दादा कोंडके यांच्याशी होते. नवरगावचे नाटककार सदानंद बोरकर यांचे नाव घेणारेही आहेत. हे दोन्ही दावे रास्त आहेत, पण ते नाटकातील माणसांविषयी आहेत. रंगमंचावर लोंबकळणारे माईक आल्यावर संवाद कुजबुजीत बोलता येऊ लागले, नाटकाच्या मध्येच नृत्यगीते घालणे सोपे झाले, गायकाला उंच पट्टीची सक्ती उरली नाही, आणि एका प्रयोगाला हजारो प्रेक्षक बसवून तो भरवणाऱ्या मंडळाला त्यातून गावाच्या कामासाठी पैसा उभा करता येऊ लागला. हे सारे बदल ज्याच्या हातून झाले तो ध्वनिवर्धक भाड्याने देणारा मनुष्य कोणत्याही यादीत नाही. फेंडरला १९९२ मध्ये जी जागा मिळाली ती येथे रिकामीच आहे.

या माणसाचे महत्त्व कायद्याने मात्र ओळखले. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे आणि राज्य शासनाला सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. दहाच्या सुमारास पडदा उघडणारे आणि पहाटे संपणारे नाटक या चौकटीत कोठेच बसत नाही; गॅसबत्तीच्या काळातील नाटकाला या नियमाची बाधा झाली नसती, पण त्या नाटकाकडे परतण्यासाठी लागणारा गळा आणि त्याला बसणारी लहान गर्दी ही दोन्ही आता शिल्लक नाहीत.