चिनी श्रमिक दल
पहिल्या महायुद्धात ब्रिटनने फ्रान्स व बेल्जियममधील आघाडीमागच्या कामांसाठी उभारलेले चिनी मजुरांचे दल (१९१७–२०). सोमच्या लढाईतील प्रचंड मनुष्यहानीनंतर ब्रिटनने चीनमधील वेहायवे येथे भरती सुरू केली. सुमारे ९५,००० मजूर घेतले. त्यांत बहुसंख्य शांतुंग प्रांतातील शेतकरी होते. फ्रान्सने १९१६ पासूनच सुमारे ४०,००० मजूर नेले होते. चीन तेव्हा तटस्थ होता. ब्रिटिश करार तीन वर्षांचा, काम रोज दहा तास, मजुरी दिवसाला एक फ्रँक. काही रक्कम गावी कुटुंबाला मिळे. अनेकांना पॅसिफिक ओलांडून कॅनडातून बंद आगगाडीने नेले. खंदक खोदणे, जहाजे रिकामी करणे, रणगाडे दुरुस्त करणे ही त्यांची कामे; युद्धानंतर प्रेते व जिवंत तोफगोळे उचलणेही त्यांच्याच वाट्याला आले. लष्करी शिस्त त्यांना लागू होती, सैनिकाचा मान मात्र नव्हता, हे अन्यायाचेच होते. नॉयेल-सुर-मेर येथे त्यांच्या ८०० हून अधिक कबरी आहेत.

भारतातूनही १९१७ मध्ये मजूर तुकड्या फ्रान्सला गेल्या. शिक्षेत सूट देऊन कैदी मेसोपोटेमियात नेले गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय सेवेसाठी चीनला गेले, त्याच्या दोन दशके आधीचा हा आशियाई श्रमाचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. मजूर पुरवूनही चीनच्या पदरी निराशाच आली: १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत शांतुंगमधील जर्मन हक्क जपानला दिले गेले. त्यातून चीनमध्ये ४ मेचे आंदोलन पेटले.